बल्बाकडे बघून गायचं

गणपतीत, इंदूरच्या तुकोगंजातल्या कार्यक्रमात, बझरदादाने गाण्याच्या मध्यावर आपली पेटी बंद केली. त्या दिवशी आमचा बँड संपला.

बझरदादा माझा आतेभाऊ. रेडिओ दुरुस्त करायचा. कुणाच्याही घरी गेला की आधी पंख्याचा सूर ओळखायचा. "मामी, तुमचा पंखा काळी एकमध्ये आहे," असं माझ्या आईला सांगून मगच चहाचा कप हातात घ्यायचा. जुन्या रेडिओंचे भाग जोडून त्याने एक पेटी बनवली होती. तिला भाता नाही, तारा नाहीत. सूर नुसत्या विजेतून निघायचे. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा आमचे ढोलकवाले रमेशजी म्हणाले, "भिया, ये गा री है के मक्खी फँसी है?" तिथून त्याचं नाव बझरदादा पडलं. त्याला ते आवडायचं.

तो, रमेशजी आणि गाणारी मी, एवढाच बँड. चाली त्याच्याच. देपालपूरच्या एका लग्नात लोक पडद्यामागे जाऊन वाजवणारे शोधू लागले. दादा खुशीत म्हणाला, "देख लो साब, अंदर कोई नहीं है."

पेटीला एक खोड होती. संध्याकाळी इंदूरची वीज उतरायची, आणि तिच्याबरोबर पेटीचे सगळे सूर खाली यायचे. कर्ण्यांची तोंडं लोकांकडे असल्याने स्टेजवर मला पेटी पुसटच ऐकू येई. म्हणून दादाने युक्ती काढली: माइकवरचा बल्ब मंद झाला, की मीही तेवढं खाली यायचं. "माझ्याकडे नको, बल्बाकडे बघ," हे त्याचं नेहमीचं वाक्य. लोकांना वाटे, मी देवाला आठवून गाते.

तुकोगंजला मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे गृहस्थ येणार होते. पेटीचा आवाज तबकडीवर यावा, एवढंच दादाला हवं होतं. "मी मेलो तरी ही वाजत राहिली पाहिजे," तो म्हणे. आत्याने फटकारलं, "आधी जेव, मग मर."

मंडळाने पाहुण्यांच्या मानासाठी त्या दुपारी स्टेजचे दिवे जनरेटरवर टाकले. पेटी मात्र नेहमीच्या विजेवरच राहिली. आम्हाला कुणी हे सांगितलं नाही.

दुसऱ्या गाण्यात वीज उतरू लागली. बल्ब ढळला नाही, म्हणून मीही ढळले नाही. पुढच्या रांगेत कुणी तरी हसलं. पाहुण्यांनी मान खाली घातली. मला काही कळेना. मी बल्ब आणखीच निरखू लागले. मागून रमेशजी पुटपुटले, "दादा, कुछ करो यार." पेटी वाजत राहिली असती तर बेसूर मी ठरले असते. दादाने बटण दाबलं. रमेशजींनी ठेका सोडला नाही. उरलेलं गाणं मी एकटीने म्हटलं.

पाहुणे नंतर म्हणाले, "ताईंचा आवाज घेऊ. यंत्राचं राहू द्या."

मी नाही म्हणणार, तोच दादा बोलला, "साब, कब भेजूँ इसको?"

परतताना मी विचारलं, "का बंद केलीस?"

"पेटी उतरली होती," तो म्हणाला. "तू नाही."

मुंबईत माझी एक तबकडी निघाली. तिच्यात व्हायोलिनं आहेत. दादाने पेटी पुन्हा कार्यक्रमाला नेली नाही. पंख्यांचे सूर तेवढे ओळखत राहिला. गेल्या महिन्यात दवाखान्यात डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपला. "पांढरी दोन," तो म्हणाला. वर पंखा फिरत होता. त्यानंतर तो बोलला नाही.

पेटी आता माझ्याकडे आहे. तिच्यातला एकच सूर वाजतो.