मास्तरांचा उलटा कोट

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. गळ्यात मोजपट्टी, कानामागे खडू आणि नजर समोरच्याच्या खांद्यावर. माणसाचं तोंड त्यांच्या लक्षात राहत नसे, मापं राहायची. रस्त्यात कुणी "ओळखलंत का?" विचारलं की म्हणत, "कंबर चाळीस, डावा खांदा उतरता. बरे आहात ना?" एकदा दोस्ताच्या अंत्यविधीला गेले. लोक हुंदके देतायत आणि हे त्याच्या बायकोच्या कानाशी, "वहिनी, ह्याची कॉलर वाकडी आहे हो. दोन मिनिटं द्याल?" दिली त्या माउलीने. दोस्त गेला तो ताठ कॉलरीत गेला.

अशा माणसाच्या घरी फाटका कपडा कुठून सापडणार? गिऱ्हाइकं न नेता सोडून जायची त्या तुकड्यांवर मास्तरांनी सगळं घर नटवलं होतं. मखमली पडदे, भरजरी खोळीची खुर्ची, स्वतःला तीन बटणांचा कोट. घरात गरिबी होती, पण इस्त्री केलेली.

मुलगी एकोणीस वर्षांची, जीभ कात्रीला भारी. तिला रक्ताचा आजार जडला. औषधांनी केस गेले तर मास्तरांनी सात रंगांच्या सात टोप्या शिवल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, बोन मॅरो बदलावा लागेल. तपासण्या झाल्या, मास्तरांचा अर्धा जुळला; तेवढा पुरेसा होता.

"अर्धाच जुळला ते बरं," बायको म्हणाली. "दोन मास्तर एका घरात मला झेपले नसते."

उपचारांचा खर्च विम्यातून निघणार होता. घोडं अडलं ते खोलीवर. बोन मॅरो दिल्यानंतर शंभर दिवस पेशंटने हॉस्पिटलजवळच राहायचं. खोलीत धूळ नको, बाथरूम स्वतःचं हवं. मास्तरांचं घर बसने पाच तासांवर, तेही दुकानाच्या मागे. शिंकलं तरी कापसाचे तंतू उडायचे. शिवाय तेवढे दिवस दुकान बंद, म्हणजे चूलही बंद. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "खोली ठरवा, मगच तारीख देतो."

अशा घरांना खोलीचं भाडं आणि घरखर्च देणारी एक संस्था होती. मास्तरांनी अर्ज केला, सोबत तिघांचा फोटो जोडला. आठवड्याने संस्थेतून फोन आला, "फोटो चुकून देणगीदारांचा लागलाय का?"

फोटो आपलाच, असं छातीठोकपणे सांगितल्यावर संस्थेचे तपासनीस घर बघायला येणार असं ठरलं. बायकोने ट्रंकेतून जुना शर्ट काढला.

"अहो, हा घाला. खिसा फाटलाय तो तसाच राहू द्या. हात जोडते."

"हो हो," म्हणाले मास्तर. पण तपासनीस दारात उभे राहिले तेव्हा खिशाला असं काही रफू झालं होतं की भोक कुठे होतं हे खिशालाही सांगता आलं नसतं. वर इस्त्री, आणि इस्त्रीच्या शर्टावर कोट नसेल तर कसं दिसेल, म्हणून कोट!

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही मदत मागायला बसलाय की मला मागणी घालायला आलेल्याला बघायला?"

तपासनिसांनी पडदे पाहिले, खुर्ची पाहिली, मुलीची फुलाफुलांची रेशमी टोपी पाहिली आणि कागदावर लिहिलं, "राहणीमान उत्तम." मुलीने वाकून वाचलं. तिचा चेहराच उतरला. तिने काही म्हणण्याआधी तपासनीस खुर्चीत टेकले आणि खोलीभर आवाज झाला, चर्रर्र!

बायको छताकडे बघू लागली. मास्तर मात्र खुलले.

"मागची शिवण. एकेरी टीप मारलीय मेल्याने! साहेब, उतरवा पँट."

"अहो, मी पाहणीला आलोय!"

"असे गेलात तर गाव तुमची पाहणी करेल."

पाच मिनिटांनी तपासनीस चादर गुंडाळून, फाइल मांडीवर घेऊन बसले होते आणि मशीन खडखडत होतं. आता हा माणूस कुठे जाणार? मुलीने संधी साधली.

"बाबा, कोट उलटा करून दाखवा ना साहेबांना."

मशीन थांबलं. कपड्याची आतली बाजू मास्तरांनी आजवर कुणाला दाखवली नव्हती. गिऱ्हाइकाने बाही उलटली तरी ते मान फिरवत. त्यापेक्षा चौकात चादर गुंडाळून उभं राहणं त्यांना परवडलं असतं.

"भलतंच काय! आतलं आत असतं."

"तुमचं आतलं आतच राहिलं तर माझी तारीख नाही मिळणार, बाबा." या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

मास्तर उठले. पाठ फिरवून कोट काढला, उलटा केला आणि तपासनिसांच्या पुढ्यात धरला. आत छत्रीचं काळं कापड, पिठाची पिशवी, कुणाच्या पायजम्याचे पट्टे, शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा. मग बायकोने पडद्यांच्या मागच्या बाजू दाखवल्या, खुर्चीची खोळ उलटली. मागून सगळं घर चिंध्यांचं होतं. तपासनीस एका हाताने चादर सावरत कोटातले तुकडे मोजू लागले. एकेचाळीसला पोचले आणि थांबले.

"बाहेरून कळतच नाही हो, मास्तर."

"कळलं तर मी टेलर कसला?" मास्तर पुटपुटले. नजर मात्र जमिनीवर होती.

तपासनिसांनी आधीची ओळ खोडली, नवीन लिहिलं, शिवून झालेली पँट चढवली आणि गेले. घरी गेल्यावर त्यांना आतून ठिगळ दिसलं असेल, मुलीच्या टोपीच्याच फुलाफुलांच्या कापडाचं.

शंभर दिवसांची खोली आणि घरखर्च मंजूर झाला, तारीख मिळाली. मास्तरांच्या कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायच्या आधी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "टाके किती घालणार?"

"टाके नाहीत. नुसती सुई."

"सुई टोचायची आणि टाका नाही? हे कसलं काम!"

मग ते शंभर दिवस सुरू झाले. तोंडाला मास्क लावून मुलगी तपासणीला निघाली की आधी दारात उभी राहून बापाच्या कोटाकडे बघायची. मास्तर मुकाट्याने कोट काढायचे, उलटा करून घालायचे आणि हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यातून छत्री, पिशवी आणि पायजमा मिरवत तिच्या पुढे चालायचे. कुणी वळून पाहिलं की स्वतःच थांबून म्हणायचे, "जवळ या, जवळ. शिवण बघा!"