पत्ता खरा, मेल खोटा

टॉवेल कारखान्याची ती धमकी अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती, तोच कारखान्याचे मालक घामाघूम होऊन ठाण्यात शिरले. मोबाइलवर ईमेल होता : ‘आज संध्याकाळी गोदाम पेटणार.’ पाठवणाऱ्याच्या जागी त्यांच्याच ऑफिसात ऑर्डरी बघणाऱ्या, मंद्रूपच्या एका मुलीचा पत्ता.

“साहेब, आत्ताच्या आत्ता उचला तिला! माणसं आत काम करतात की!”

गोदामावर बंदोबस्त लावला, अग्निशमन दलाला कळवलं आणि मुलीला महिला हवालदारामार्फत बोलावून घेतलं. येताच ती म्हणाली :

“मी न्हाई पाठवलं, साहेब. आईशपथ.”

शपथा आम्ही रोज ऐकतो, त्यावर काही ठरत नाही. पण अटक झाली असती, तर खरंखोटं कोर्टात कधीतरी ठरलं असतं. गावात तिचं नाव त्याच संध्याकाळी बुडालं असतं.

मालकांबरोबर त्यांचा कॉम्प्युटरवाला आला होता, बाजारात त्याचं स्वतःचं दुकान. कारखान्यात येणारे कचरा मेल अडवायचं काम त्याच्याकडेच. तो छातीठोकपणे म्हणाला, “डीएनएस तपासणी लावलीय, साहेब, पत्त्यातलं कंपनीचं नाव इंटरनेटवर खरंच आहे का, याची. नसलेल्या पत्त्याचा मेल आत येतच नाही. पत्ता खरा, म्हणजे मेल तिचाच.”

इथं माझं डोकं सटकलं. अहो, पकडलेला चोर म्हणतो, मी वळसंगचा. मग वळसंग नावाचं गाव आहे का, हे शोधत बसायचं? मी तर तिथल्या पोलीस पाटलाला फोन लावायचो : हा माणूस तुमचाच का?

सायबर शाखेतल्या हवालदार बाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, “तशी सोय हाय की, सर. आपल्या नावानं मेल कुठल्या सर्व्हरवरून निघतील, हे कारखान्यानं जाहीर केलेलं असतं. येणारा मेल त्याच्याशी ताडून बघायचा.”

बाईंनी मेलमागची तांत्रिक माहिती उघडली. मेल भलत्याच ठिकाणाहून निघाला होता. ताडून बघायची सोय कारखान्यात होती, पण बंद ठेवलेली.

“कुणी बंद ठेवली?” मी विचारलं. कॉम्प्युटरवाल्यानं प्यायला पाणी मागितलं.

मेल निघाला ते कनेक्शन कुणाचं, याची माहिती इंटरनेट कंपनीकडून तातडीनं मागवली. दुपार टळायच्या आत उत्तर आलं : कनेक्शन कॉम्प्युटरवाल्याच्याच दुकानाचं. आधी त्यानं बरीच उडवाउडवी केली. मग रडत म्हणाला, “तिला फक्त धडा शिकवायचा होता, साहेब.” तो तिच्या मागे लागला होता. तिनं झिडकारलं, त्याचा हा सूड.

संध्याकाळ झाली, गोदामाला काही झालं नाही. मालकांनी मुलीपुढे हात जोडले. ती त्यांच्याकडे वळली.

“सर, ह्यो मानूस मला तरास देतोय, हे मी सोता तुमच्या केबिनमदी येऊन सांगितलं व्हतं. तवा तुमी म्हणलात, पुरावा आण. आन् माझ्या नावाचा एक मेल आला, की लगेच पोलीस!”

मालकांना मान वर करता येईना. मलाही ते वाक्य लागलं. पाठवणारा कोण, याची खातरजमा केल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हे पोलिसाला शिकवावं लागत नाही. पण जी समोर उभी राहून स्वतःच्या तोंडानं सांगते, तिचं आधी ऐकून घ्यावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

“बस, बाळ,” मी म्हणालो, “आता पहिल्यापासून सांग.” आणि तिची तक्रार मी स्वतः लिहून घेतली.