सिंगापूर ते बँकॉक, अडीच तास

सेक्टर बावीसमधल्या भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, की सिंगापूर ते बँकॉक अंतर चौदाशे किलोमीटर आणि विमानाला लागतात अडीच तास. विचारलं होतं कोणी? कोणीच नाही. सुलोचनाबाईच सांगत सुटायच्या. मुलगा अंशुमन सिंगापूरला, मुलगी हिमानी बँकॉकला. इथून दिल्लीचा विमानतळ गाठायला पाच तास मोडतात, त्याच्या निम्म्या वेळात माझी मुलं एकमेकांच्या दारात, असं त्या ऐटीत म्हणायच्या. प्रत्यक्षात कोणीच कोणाच्या दारात जात नव्हतं, ते तेवढं गिळून टाकायच्या.

हवाई दलातून निवृत्त होऊन इकडे उत्तरेतच स्थायिक झालेले त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. तेराव्याच्या संध्याकाळी भावाबहिणींचं कडाक्याचं वाजलं. कशावरून, तर आईला कोणी न्यायचं यावरून. आणि नेण्यासाठी नव्हे हो, न नेण्यासाठी! तो म्हणे तू ने, ती म्हणे मुलगा तू आहेस. स्वयंपाकघरात सुलोचनाबाईंनी शब्द न् शब्द ऐकला. बाहेर येऊन म्हणाल्या, मला इथलंच बरं, मी कुठे येत नाही. भांडण तिथे मिटायला हवं होतं. पण एकमेकांच्या मनातलं उघडं पडलं होतं ना. बोलणं बंद झालं ते झालंच.

यंदा मात्र बाईंनी चंग बांधला. आपल्यापायी तुटलं, ते आपल्या डोळ्यांदेखत जुळलं पाहिजे. भाऊबीजेला बहिणीकडे जा, म्हणून महिनाभर अंशुमनच्या मागे लागल्या. रजा नाही, मुलाची परीक्षा आहे, सगळं सांगून झालं. शेवटी तो कंटाळून 'बघतो' म्हणाला. 'बघतो' म्हणजे नाही, हे मराठी माणसाला का सांगायला हवं? पण आईचे कान ते! त्यांनी लगेच हिमानीला कळवलं, अंशू येतोय, पक्का.

भाऊबीजेच्या सकाळी सुनेचं, रागिणीचं, स्टेटस दिसलं. नदी, मागे सोनेरी कळस, गॉगल लावलेला अंशुमन आणि खाली लिहिलेलं, बँकॉक. सुलोचनाबाईंना रडूच फुटलं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली, शेजारच्या परमजीत कौरना जिलेबी देऊन आल्या. फोन मुद्दाम केला नाही. भेटू देत निवांत.

फोन हिमानीचाच आला. तिकडे दिवेलागण झालेली, इकडे गच्चीवर अजून ऊन होतं. पडद्यावर रांगोळी दिसली, ताट दिसलं, पाट दिसला. पाटावर कोणी नव्हतं.

"अंशू कुठंय गं?"

"हॉटेलात असेल. कालपासून इथेच आहेत, फिरायला आलेत. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, आई. तीन वर्षांत पहिल्यांदा मी आपणहून फोन केला. त्याने कापला."

मग ताट कोणासाठी, सुलोचनाबाईंनी विचारलं. हिमानी म्हणाली, "चंद्राला ओवाळलं मी."

ज्यांना भाऊ नाही, त्या बायका चंद्राला ओवाळतात. सुलोचनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराचा राग आला, पोरीचाही आला, आणि सकाळी वाटलेल्या जिलेबीची लाज वाटली.

तेवढ्यात परमजीत रिकामी वाटी परत करायला आल्या. बेटा पोहोचला का बहिणीकडे, त्यांनी कौतुकाने विचारलं.

सुलोचनाबाईंनी फोन पालथा ठेवला आणि वाटी घेतली.

"हां जी, पहुँच गया," त्या म्हणाल्या. "ढाई घंटे का तो रास्ता है."