जिन्यातला बल्ब

पीएचडी करताना मी कायझर्सलाउटर्नला राहायचो. खालच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते. जर्मनीत बास्केटबॉल खेळून पगार मिळायला लागला, त्या सुरुवातीच्या काळातले खेळाडू. त्या दिवसांबद्दल विचारलं तर म्हणायचे, "आल्झो, म्हणजे काय, उंच होतो, म्हणून घेतलं." दार कितीही उंच असलं तरी मान झुकवूनच आत शिरायचे. जिन्यातला बल्ब गेला की सगळे त्यांचीच बेल वाजवायचे. ते शिडीशिवाय, नुसता हात वर करून बदलायचे.

एकदा बल्ब गेला तेव्हा त्यांनीच माझी बेल वाजवली. हातात स्टूल होतं. "खांदा वर जात नाही. तू चढ."

मी बल्ब लावेपर्यंत त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मग स्टूल माझ्या दाराशी ठेवलं आणि ते मान झुकवून आपल्या घरात गेले.

स्टूल न्यायला ते परत आले नाहीत.