हलणारं चित्र

माझा दादा हसायचा तो फक्त फोनच्या मागे उभा राहून. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप. लग्न झाल्यापासून वहिनी त्या कुलपाशी झटत होती, आणि मी, त्याची सख्खी बहीण, तिला सांगत होते की बाई, नाद सोड.

दोघांचं इस्त्रीचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, एक खिडकी आणि गिऱ्हाइकांची गाठोडी. एका दुपारी वहिनी कंटाळून हातातल्या शर्टाशीच बोलायला लागली. "काय साहेब, पोटावरचं बटण पुन्हा तुटलं? आणि बायकोला सांगता, डाएट चालू आहे!" दादाने सहज व्हिडिओ काढायला फोन धरला होता. त्याला हसू आवरेना. आवाज येऊ नये म्हणून त्याने ओठ दाबले, तर हात हलायला लागला. व्हिडिओभर चित्र गदगदा हलत होतं.

वहिनीने तो नेटवर टाकला आणि लोकांनी तेच डोक्यावर घेतलं. "मागचे काका आज किती हसले!" असं खाली लिहायचे. मग रोज दुपारी शटर अर्धं ओढून एक व्हिडिओ. म्हणायला वहिनी लाखो लोकांशी बोलायची, पण खरं म्हणजे एकट्या दादाशी. फोनच्या वर त्याचे डोळे दिसायचे, त्यांच्याकडे बघून. त्यांचा संसार असा खरा तेवढ्या वेळातच चालायचा.

मग टीव्हीवाल्यांचा फोन आला. रोजच्या मालिकेत इस्त्रीवालीचं काम. अट एकच, मालिकेत आहे तोवर स्वतःचे व्हिडिओ बंद. वहिनी घुटमळली. दादा म्हणाला, "जा तू. दुकान मी बघतो." त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

पहिल्या दिवशी शूटिंगला तिच्यासोबत मी गेले. तिथली इस्त्री थंडगार, तिला वायरसुद्धा नव्हती. वाफ दिसावी म्हणून टेबलाखाली एक माणूस धूर सोडत बसलेला. वहिनीने वाक्य म्हटलं आणि सवयीने थेट कॅमेऱ्यात बघितलं.

"कट! ताई, कॅमेऱ्यात नाही बघायचं. मॅडमकडे बघा."

पुन्हा तेच. एका कॅमेऱ्याकडे पाठ केली की दुसऱ्यात नजर जायची. नायिका मॅडम पंख्याने वारा घेत सुस्कारे सोडायला लागल्या. दिग्दर्शकाने हात टेकले. "अहो, त्या कॅमेऱ्यामागे तुमचं कोण बसलंय?"

सगळे हसले. वहिनी तेवढी हसली नाही. मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

शेवटी कोणीतरी भिंतीवर निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. नजर तिथेच ठेवायची. वहिनीने घरीही कपाटावर तशी पट्टी लावली आणि सराव सुरू केला. बाई चिकाटीची. भात वाढतानासुद्धा दादाच्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलायची. दादाने एकदा मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

काम जमलं, पण गंमत गेली. वाक्यं दुसऱ्याची, कपडे भाड्याचे. लोक म्हणाले, ही ती नव्हेच. एका संध्याकाळी आम्ही तिघं मालिका बघत होतो, तर नायिका म्हणाली, "इस्त्रीवाली लेकीकडे राहायला गेली, आता नाही यायची ती." वहिनीला हे आमच्याबरोबरच कळलं. ती उठून कुकर लावायला गेली.

करारातून मोकळं झाल्याचा निरोप आला, त्या दिवशी दादाने स्वतःहून शटर अर्धं ओढलं आणि फोन काढला. "चल, कर." किती खुशीत होता, काय सांगू.

वहिनीने एक शर्ट उचलला. "या या साहेब, कॉलर अजून ताठच? घरी कोणी वाकवली नाही?" विनोद झकास होता. पण ती बघत होती दादाच्या मागच्या भिंतीकडे.

"अगं, इकडे बघ ना," दादा म्हणाला.

"बघतेय की!"

तिला खरंच तसं वाटत होतं. दादा फोन तेवढा दोन्ही हातांनी धरून राहिला.

तो व्हिडिओ मी पुष्कळदा पाहिला. चित्र जराही हललेलं नाही.