सोळा पाकळ्यांची चोरी

आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत, कुणीतरी नेतं. चमचा कमी भरला तर मी आधी आठवड्यात कोण कोण येऊन गेलं ते आठवते आणि मगच मोरीत बघते. आमचे हे म्हणतात, तू पोलिसात गेली असतीस तर सोलापुरातले चोर आपणहून एसटीत बसून मंगळवेढ्याला ज्वारी काढायला गेले असते. हे कौतुक आहे की टोमणा, याचा मला लग्नापासून संशय आहे.

तेव्हा लेकीच्या बाळासाठी चाललेल्या गोधडीचं क्रोशाचं फूल गायब झालं, त्या क्षणी मी खाली वाकून शोधलं नाही. वर बघितलं. वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते.

फूल तिनंच केलेलं होतं. म्हणजे माझा संशय असा, की जिनं दिलं तिनंच परत चोरलं. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण तुम्ही आमच्या घरात राहिला नाहीत.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं लागावं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं, ही आमच्याकडची रीत. मी माझ्या चार सुती इरकली साड्या काढल्या, त्यांचे चौकोन-त्रिकोण कापले आणि जोडत जोडत गोधडीचा वरचा थर केला. तुकडे किती होते विचारू नका. जोडून झाले तेव्हा माझ्या बोटांवरचे ठसे पुसले गेले होते, आधार केंद्रातल्या मशीननं मला ओळखायला नकार दिला असता. मधे सासऱ्यांचं जुनं धोतर, खाली फिकट पिवळं कापड. हे तीन थर एकत्र धरायला आई-आजीनं हातानं धावदोरा घातला. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून मशीननं घालायला शिकले.

त्याची गंमत अशी. शिलाई मशीनला कापड पुढं ओढणारे दात असतात. ते खाली करून ठेवायचे. मग मशीन कापड ओढत नाही, सुई नुसती जागच्या जागी वरखाली नाचते, आणि खालचं कापड आपण दोन्ही हातांनी फिरवायचं. पेन्सिल जागेवर आणि कागद फिरतोय, असं समजा. वेली काढा, लाटा काढा, वळणावर वळण काढा, मशीन काही बोलत नाही. मी वेगात आले की वर जावेच्या कपबशा वाजतात. एकदा समोरच्या इमारतीतला माणूस भूकंप समजून बायकापोरांसकट खाली उतरला होता. तो म्हणतो, भाजी आणायला उतरलो होतो. म्हणू दे.

जावेचा हात क्रोशावर. अक्कलकोटकडची ती, लग्नात येताना क्रोशाची सुई घेऊन आली आणि आमच्या घरातली एकही वस्तू तिनं उघडी ठेवली नाही. टीव्हीला झालर, माठाला टोपी, फ्रिजच्या मुठीला झबलं. आमचे हे पेपर वाचत एका जागी जास्त वेळ बसत नाहीत ते याच भीतीनं. माझ्या लेकीला जन्म मी दिला, पण तिचे केस विंचरले काकूनं. म्हणून गोधडीच्या मधलं फूल काकूनं करायचं, हे लेकीनंच ठरवलं.

दोन महिने लागले तिला. पांढऱ्या बारीक दोऱ्याचं, ताटलीएवढं, सोळा पाकळ्यांचं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, सुई ती नजरेनं कमी आणि बोटांनी जास्त चालवत होती. फूल माझ्या हातात देताना म्हणाली, "अक्का, मदोमद लावा. कडंला न्हाई. परत येवढं बारीक माज्याच्यानं हुनार न्हाई."

आता तिनं ते चोरायचं कारण ऐका. त्याच्या दोनच दिवस आधी, शेजारणीसमोर, मी सहज म्हणाले होते की क्रोशा म्हणजे काय, भोकं करायची आणि त्यांच्या भोवती दोरा फिरवायचा. ती लगेच म्हणाली, "तुमची शिलाई बघून मला वाटतं मुंगीनं शिंदी पिली की काय. कुटं चाललीय तिचं तिला ठावं न्हाई." शेजारीण हसली. मी पण हसले. पण दोघींचं हसू सारखं नव्हतं.

तर एका दुपारी मी फरशीवर तिन्ही थर अंथरले, कच्चे टाके घातले आणि दोन दिवस मशीनवर मरून रंगाच्या दोऱ्यानं वळणं काढत बसले. दोन सुया मोडल्या. सुया विकणाऱ्यावर मी संशय घेतला, तो वेगळा विषय. गोधडी झाली, फूल लावायला घेतलं, तर फूल नाही. कपाट, ट्रंक, गादीखाली, पिठाचा डबा, सगळं बघितलं. आमच्या ह्यांच्या पायजम्याचे खिसे दोनदा.

जिन्यात गाठ पडली तेव्हा मी काही तिचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "फूल गेलं गं. बाहेरचं तर कुणी आलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. ज्याचं त्याला परत गोड वाटलं असंल."

ती दोन पायऱ्या वर होती. तिथंच थांबली. "अक्का, माजंच फूल म्या चोरलं म्हंता?"

"मी कुठं म्हणते. तूच म्हणतीस."

ती वर गेली. मी मात्र तेवढ्यावर थांबेन तर मी कसली. टीव्हीची झालर, माठाची टोपी, फ्रिजच्या मुठीचं झबलं, सगळं पिशवीत भरून वर पाठवलं. वरून निरोप आला, "मोजून घेतलंय." त्या दिवसापासून आमचा फ्रिज उघडाच थंडीत उभा राहिला. आणि मी शेजारीण, दूधवाला, फोनवर माळशिरसची नणंद, सगळ्यांना सांगून टाकलं. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी वाढायची. नणंदेला सांगेपर्यंत मी जावेला फूल पदराखाली लपवून नेताना डोळ्यांनी बघितलं होतं.

मुलगा झाला. जाऊ दवाखान्यात आली ती मी चहाला गेले तेव्हा. बाळ घरी आलं तर ती खाली येईना. म्हणजे मी असताना येईना. मी बाजारात जाताना बाळाच्या डाव्या गालावर काजळाची तीट लावून जायची, परत यावं तर तीट उजव्या गालावर.

"कोण आलं होतं?" मी लेकीला विचारायची.

"कुणी नाही."

"मग तीट चालत गेली?"

"आई, ओली बाळंतीण आहे मी, माझी उलटतपासणी घेऊ नकोस." पण त्याच दिवशी संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "काकू खाली बसणार नसेल तर आपण बारसं इथं करायचं नाही. नातेपुत्याला सासूबाई तयारच आहेत. मी बाळाला घेऊन तिकडं जाते."

पहिल्या नातवाचं बारसं माझ्या घरात होणार नाही, यापुढं मला बाकी काही दिसेना. आणि तरी जिना चढून वर जायला पाय उचलेना. चोरानं खाली यावं, फिर्यादीनं वर का जावं?

बारशाला चार दिवस होते. गोधडी धुवून ठेवावी म्हणून मी ती भिजवली, पिळली आणि गच्चीवर दोरीवर टाकली. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे कपडा दोरीवर टाकायला हात वर नेला की हात खाली येईतो तो वाळतो, नि हातही. तासाभरानं गेले तर गोधडी कडकडीत, पण मधे ताटलीएवढा गोल ओला. मी लगेच ओळखलं. वरच्या टाकीजवळून हिनं तांब्या ओतला. गोधडी उचलून दुसऱ्या टोकाच्या दोरीवर टाकली आणि स्वतः टाकीच्या सावलीत दबा धरून बसले. कुणी आलं नाही. बाकीची गोधडी पापडासारखी झाली, गोल मात्र ओलाच.

मग मी त्यावर हात ठेवला. दोन्ही बाजूंनी चाचपला. कापडाच्या आत काहीतरी जाड होतं, पाणी धरून बसलेलं. कडेकडेनं बोट फिरवलं. उंच, खोल, उंच, खोल. सोळा वेळा.

थर अंथरले त्या दुपारी काय झालं ते मला तिथंच आठवलं. धोतराचा थर अंथरल्यावर मध्य कुठं येतो ते बघायला मी फूल त्यावर ठेवलं होतं. तेवढ्यात लेकीला उलटी झाली म्हणून उठले, परत आले, वरचा थर पसरला आणि कच्चे टाके घालत सुटले. फूल कुणी नेलं नव्हतं. मी ते पोटात घालून शिवलं होतं, आणि सुया मोडेपर्यंत शिवलं होतं.

आता सज्जन बाई असती तर तडक खाली जाऊन जावेचे पाय धरले असते. मी गोधडी घडी घालून ट्रंकेत ठेवली आणि विचार केला. दुसऱ्या दिवशी दार लावून मागच्या बाजूनं शिलाई उसवली, खालचं कापड नि धोतर वीतभर कापलं आणि फूल बाहेर काढलं. वाईट अवस्था होती. मरून दोऱ्याची वळणं त्याच्या आरपार गेलेली. एकेक धागा सुईनं उपसून काढला, आणि उपसताना एका पाकळीचा दोराही कापला गेला. तरी फूल होतं. माझी युक्ती साधी होती. मी परत पाठवलेल्या पिशवीत, टीव्हीच्या झालरीच्या घडीत ते सरकवायचं. मग तीच कधीतरी बघेल आणि तिला वाटेल, आपल्याच पिशवीत राहिलं होतं. मी मोठ्या मनानं माफ करीन. सगळं गोड.

ती दळण घेऊन गिरणीत गेली तशी मी वर गेले. पिशवी खुंटीला होती. झालर उलगडून फूल आत ठेवते आहे, तोवर मागून आवाज आला.

"गिरणीत लाइट न्हाई."

तिच्या डोक्यावर डबा होता. तो तिनं सावकाश खाली ठेवला, माझ्या हातातलं फूल घेतलं, खिडकीपाशी नेलं. डोळ्यांना काही दिसलं नसावं. बोटानं पाकळ्या मोजत गेली, नवव्या पाकळीशी थांबली.

"हितं तुटलंय. आन हा धागा माजा न्हाई." अर्ध्या इंचाचा मरून धागा राहिला होता. तिनं तो ओढून माझ्या तळहातावर ठेवला. "मुंगीचा हाय."

मी सांगून टाकलं. सगळं, तांब्यासकट. ती पाटावर बसली. मग म्हणाली, "मला वाटलं तुमी माहेरी दिलं. भावाच्या सुनंचं पण दिवस भरत आलं होतं न्हवं."

"मी? तुझं फूल? माहेरी?"

"मग काय. तुमी बाजारात गेलाव की म्या रोज तुमची कपाटं बघत हुते. बाळाला घ्यायचं निमित्त."

मला इतका राग आला की माझी चूक काय होती ते मी क्षणभर विसरले. माझ्या कपाटात हात. पण माझा हात तर आत्ताच तिच्या पिशवीत सापडला होता, म्हणून सरळ बारशावर आले.

"बारशाला ये," मी म्हणाले. "पोरगी नातेपुत्याला निघालीय."

"येते की. पन बायकास्नी तुमी सांगायचं, फूल कुटं हुतं ते. आन तिखटमीठ न लावता."

ही शिक्षा तिनं विचार करून निवडली होती. मला कुणी उपाशी ठेवा, चालेल.

बारशाला बायका जमल्या. शेजारीण, माळशिरसची नणंद, सगळ्या ज्यांना मी फुलाच्या चोरीचं सांगितलं होतं त्या. जाऊ कोपऱ्यात बसली होती आणि त्या तिच्याकडे बघून एकमेकींकडे बघत होत्या. पाळणा म्हणायच्या आधी मी बाळाला घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, "फूल मीच चुकून गोधडीच्या आत शिवलं होतं. हिनं नेलं नव्हतं." आयुष्यात मी इतकी लहान गोष्ट कधी सांगितली नव्हती.

कुणाचाही विश्वास बसला नाही.

नणंदेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वैनी, मोठ्या मनाची गं तू. पांघरूण घालतीस तिच्यावर." शेजारणीनं मान हलवली, डोळे पुसले. माझं कौतुक सुरू झालं आणि कोपऱ्यात जाऊ खाली बघत राहिली. इतकी वर्षं मी फुगवून सांगितलेलं यांना सगळं पटलं, आणि खरं सांगितलं तर हे. खरं सांगायचं तर कौतुक गोडही लागत होतं. त्यातून बाहेर यायला अर्धं मिनिट लागलं असेल.

मग मी बाळ लेकीच्या मांडीवर दिलं, गोधडी उचलली आणि उलटी करून नणंदेच्या पुढ्यात टाकली. उसवलेली वीतभर जागा उघडीच होती. "घाल हात," म्हणाले. तिनं घातला. मग फूल तिच्या हातात दिलं, उजेडाकडे धरायला लावलं. क्रोशाच्या भोकांच्या मधेमधे, जिथं भोक नसायला हवं तिथं, माझ्या सुईची भोकं होती. वळणावर वळण, गोधडीवरच्या वळणाला जाऊन मिळणारी. फूल हातोहात फिरलं. शेजारणीनं चष्मा लावून बघितलं. शेवटी नणंद म्हणाली, "म्हणजे पदराखालून नेताना तू बघितलंस ते?"

"ते मी लावलेलं तिखटमीठ."

कुणी हसलं नाही. हसतील असं मला वाटलं होतं. नणंद उठून जावेजवळ जाऊन बसली, आणि मला बसायला कुणी जागा केली नाही.

जाऊच म्हणाली, "सुई आना. बाळ कवाचं रडतंय, कशावर निजवायचं त्याला?"

लेकीनं सुईदोरा दिला. मी गोधडी सुलटी करून सगळ्यांच्या मधे बसले. जावेनं फूल ठेवलं, बोटांनी चारी कडांचं अंतर चाचपून मध्य धरला आणि तिथं अंगठा दाबून बसली. तुटकी पाकळी तशीच होती. मी हातानं टाके घालायला लागले. अंगठा तिनं शेवटच्या टाक्यापर्यंत उचलला नाही. फूल सरकेल म्हणून की माझ्या भरवशावर सोडवेना म्हणून, ते मी विचारलं नाही.