खंडेनवमीला अकरा, यादीत दहा

"मारुती, तू एसीचं बघ, सॉफ्टवेअरमधी नाक खुपसू नको" म्हणे! का नको, जोशीसाहेब? तुम्ही बदलून लखनौला आला त्याला दोन वर्षं झाली. मी त्या सर्व्हर रूमच्या एसीखाली पंधरा वर्षं बसलोय. सातवी नापास हाय, आंधळा नाय! तुमच्या कमिटीचे एवढे किस्से साठलेत की विकासनगरला घरी बायको म्हणती, "आधी गिळा, मग सांगा!"

कमिटी कशाची? हापिसात प्रत्येक खात्याची वेगळी मशीन. सगळ्यांची कामं दोन नव्या मशीनींत कोंबायची नि जुन्या सोमवारी भंगारात. एका डब्यात पाच मशीनी असल्यासारखं चालवणारं सॉफ्टवेअर मिळतं. ते निवडायला सहा माणसं नि तीन महिने!

*

पहिल्या कंपनीचा टायवाला आला. "एक मशीन बंद भी हो जाए, तो सारा काम अपने आप दूसरी पर! किसी को पता भी नहीं चलेगा!"

मी मागनं म्हटलं, "अच्छा? तो भैया, प्लग खींचूँ?"

गडी खुर्चीवरनं उडालाच! "अरे नहीं नहीं, आज सिर्फ प्रेझेंटेशन है!"

*

दुसऱ्या कंपनीकडनं निशातगंजची एक पोरगी आली. तिला बी तेच इचारलं. ती म्हणाली, "खींचिए, चाचा."

खेचला. स्क्रीन हलली सुद्धा नाय!

तुम्ही काय म्हणाला, जोशीसाहेब? "पण हिच्याकडं स्लाइडी चारच हायेत."

मी दारात आडवा झालो. टायवाल्याचा बी प्लग खेचू द्या, मग करा सही! टायवाला परत फिरकलाच नाय. पोरीचं सॉफ्टवेअर ठरलं.

*

मग आस्थापना खात्याचे त्रिपाठीजी अडले. "हमारा सर्वर ऊपर वाले खाने में रहेगा. लेखा विभाग के नीचे हम नहीं रहेंगे!"

सगळं एकाच डब्यात, आतमधी वर-खाली काय नसतं, हे तुम्ही तासभर समजावलं. शेवटी मी त्रिपाठीजींच्या नावाची पट्टी डब्याच्या टपावर चिकटवली. खूश! पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी लेखावाले आले, हातात त्याहून मोठी पट्टी घेऊन!

*

आता शेवटचं. दर खंडेनवमीला मी प्रत्येक मशीनीला हळदकुंकू लावतो, फूल वाहतो. फुलं अकरा लागतात. तुमच्या यादीत मशीनी दहा! अकरावी पेन्शनच्या खिडकीमागं, कपाटाआड हाय. त्या खिडकीवरल्या म्हाताऱ्यांची सगळी कागदं तिच्यातच. यादीत नाय म्हंजी ती नव्या मशीनीत जायची नाय, नि सोमवारी थेट भंगारात!

तुम्ही हसला. "मारुती, कुंकवानं यादी होत नाय."

मी गेलो नि दुपारी बंदच केली ती! दहा मिनिटांत खिडकीवर बोंब. हयातीच्या दाखल्याला आलेले इंदिरानगरचे एक काठीवाले बाबूजी ओरडले, "अरे, हम ज़िंदा हैं कि नहीं, यही बता दो!"

लगेच चालू केली नि कमिटीसमोर उभा राहिलो. तुम्ही लाल झाला, तरी म्हणाला, "यादी मंजूर झालीय. दहाच्या पलीकडं आपल्याकडं मशीनच नाय."

"नाय ना? मग मी घरी नेतो ती."

"खबरदार! सरकारी माल आहे!"

काढा पेन, जोशीसाहेब. यादीवर अकरा लिहा.